चामखिळीची आई

नाव : फू यिनशंग. लिंग : पुरुष. वंश : हान. राहणार : लिउचा गाव, कालव्याची पूर्व बाजू. वर्गीय पार्श्वभूमी : शहरी गरीब, निष्कलंक. शिक्षण : प्राथमिक, अपूर्ण. सध्याचे पद : नवविजय स्नानगृह, पुरुष विभाग, पाद-दुरुस्ती कक्ष, तृतीय श्रेणी तंत्रज्ञ. विशेष प्रावीण्य : भोवऱ्या, घट्टे, आत वळलेली नखे आणि प्रामुख्याने चामखिळी. चामखीळ-निर्मूलनाचे प्रमाण : शंभर टक्के. राजकीय विचार : सुदृढ. व्यसन : तंबाखू, मर्यादेत. कौटुंबिक स्थिती : पत्नी एक, सुखी.

हे वर्णन आमच्या स्नानगृहाचे प्रमुख थांग यांनी केलं आणि आदर्श तंत्रज्ञाच्या किताबासाठी जिल्ह्याच्या कचेरीला पाठवलं. त्यात खोटं म्हणावं असं फारसं नव्हतं. प्रत्येक शब्द जागच्या जागी होता, फक्त माणूस त्यात कुठे सापडत नव्हता.

मी तेव्हा स्नानगृहाच्या दारात बसून अंघोळीची तिकिटं, म्हणजे बांबूच्या पट्ट्या, विकत असे. एका हाताला पुरुष विभाग, दुसऱ्या हाताला बायकांचा, मध्ये मी. दोन्हीकडच्या गोष्टी माझ्यापर्यंत वाफेसारख्या यायच्या, म्हणजे न मागता.

आमच्या यांगचौकडची माणसं तीन सुऱ्यांवर पोट भरतात असं म्हणतात. एक आचाऱ्याची, एक न्हाव्याची आणि एक पाय तासणाऱ्याची. पहिल्या दोघांची लोक तारीफ करतात. तिसऱ्याची आठवण फक्त चालताना येते. गिऱ्हाईक आधी गरम हौदात बसायचं, तळपाय शिजलेल्या मुळ्यासारखे मऊ करून घ्यायचं, मग बाहेर येऊन बाकड्यावर पंचा पांघरून आडवं व्हायचं. चहा यायचा. यिनशंग बुटक्या स्टुलावर बसून तो पाय आपल्या मांडीवर घ्यायचा, दिवा खाली ओढायचा आणि पातळ सुरीने थर काढायला लागायचा. काही जण त्यातच घोरायला लागत. पाय त्याच्या ताब्यात देऊन झोपी जाण्याइतका विश्वास लोक आपल्या भावावरही टाकत नाहीत.

चामखीळ हा त्याचा खास प्रांत. भोवरी आणि चामखीळ यांत फरक कसा करायचा हे तो कुणालाही सांगे, त्यात गुपित ठेवत नसे. वरून दाबल्यावर दुखली तर भोवरी. दोन बाजूंनी चिमटीत धरल्यावर दुखली तर चामखीळ. भोवरीतून कातडीच्या रेषा सरळ आरपार जातात. चामखिळीपाशी आल्या की वळसा घालतात, दगडाला पाणी घालतं तसा. आणि वरचा थर तासला की चामखिळीत काळे तीळ दिसतात. ते तीळ म्हणजे साकळलेलं रक्त. एवढं सगळं बरोबर होतं. पुढचं जे होतं ते त्याला त्याच्या उस्तादाकडून मिळालं होतं, आणि उस्तादाला त्याच्या उस्तादाकडून.

पुढचं मी पहिल्यांदा ऐकलं ते वेई खाटकाच्या वेळी. वेई सरकारी मांसाच्या दुकानात होता. हाताच्या बोटांवर, पेरांवर, नखांच्या कडेला चामखिळीच चामखिळी. फ्लॉवरच्या गड्ड्याचे तुरे फुटावेत तशा. खाटकांना त्या फार होतात. हात सदा ओले, आणि बारीकसारीक कापलेले. रांगेतल्या बायका त्याला बोलून घेत.

"वेई दादा, मांस सुरीनं उचला, हातानं नको. तुमच्या हातावर जे पीक आलंय ते आम्हाला मांसाच्या कुपनावर नको."

वेई एकदा हात धुऊन, हात लपवून, पाय तासायच्या कक्षात आला आणि दोन्ही हात यिनशंगच्या पुढ्यात टाकून म्हणाला, "उस्ताद, पाय चांगले आहेत. हे बघा. कापायचा तर डावा घ्या."

"गप्प बस. आई शोधू दे."

"कुणाची आई?"

"चामखिळीची. या काही एकेकट्या येत नाहीत. आधी आई येते. ती जागा धरते. मग पोरं टाकते. अडाणी माणूस पोरांच्या मागे लागतो. तू पोरं मारशील, ती नवी काढील. आईला मार, पोरं उपाशी मरतात."

"म्हणजे डुकरिणीसारखं."

"तुला डुकरापलीकडे काही सुचत नाही का रे?"

"मी खाटीक आहे, उस्ताद. कवी असतो तर हात असे झाले नसते."

बाकड्यावरची माणसं हसली. यिनशंगने अंगठ्याच्या बुडाशी एक थोराड चामखीळ निवडली, ती कोरली आणि वर कडू बियांचा ठेचा बांधला. पुढच्या काही महिन्यांत वेईच्या हातावरच्या सगळ्या गळून गेल्या. डाग राहिला नाही. वेईने डुकराचे चार खूर आणून दिले. म्हणाला, "पायवाल्याला पाय." ते खूर यिनशंगच्या बायकोने सोया आणि बडीशेप घालून शिजवले, आणि आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता.

वेईसारखे पुष्कळ आले. बरेच बरे झाले. ज्यांच्या चामखिळी गेल्या ते सांगायला परत येत. ज्यांच्या गेल्या नाहीत ते परत येत नसत, आणि जे परत येत नाहीत ते बरे झाले असं धरायची आमच्याकडे पद्धत होती. शंभर टक्के हा आकडा असाच सिद्ध झाला होता. थांग प्रमुखांना त्यात काही गैर वाटलं नाही, कारण स्टीलच्या उत्पादनाचे आकडे त्यांनी तरुणपणी याच रीतीने काढले होते.

आता यिनशंगच्या बायकोबद्दल. तिचं नाव यान छायफंग. बसथांब्याजवळच्या सरकारी खानावळीत ती वाफेवर उकडलेल्या पावांच्या टोपल्यांवर होती. उजाडायच्या आधीपासून उभी. आवाज असा की टोपलीचं झाकण उघडायच्या आत गिऱ्हाईक सरळ व्हायचं. तिच्या डाव्या तळपायावर एक काळा डाग होता, आणि पुढची सगळी हकिगत त्या डागाची आहे.

त्या उन्हाळ्यात तिच्या त्याच तळपायावर सात-आठ चामखिळी उठल्या. बायकांच्या विभागातली ओली फरशी, तिथेच लागल्या असणार. पण स्नानगृहात रोग लागतो असं म्हणायची तेव्हा पद्धत नव्हती, स्नानगृहात रोग जातो असंच म्हणत. चालताना दुखायला लागलं तेव्हा तिने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने तिचा पाय गरम पाण्याच्या घमेल्यात मऊ केला, मांडीवर घेतला. तेव्हा त्याला तो डाग दिसला. टाचेच्या पुढे, आतल्या बाजूला, टरबुजाच्या बीएवढा.

"हा कधीचा?"

"मला काय माहीत? तळपाय कोण बघतं स्वतःचा? तूच बघतोस सगळ्या गावाचे, घरचा सोडून."

त्याने डाग दाबला. "दुखतं?"

"नाही."

चिमटीत धरला. "आता?"

"नाही. म्हाताऱ्या, गुदगुल्या होतायत. नीट धर."

त्याने वरचा थर तासला. तीळ दिसले नाहीत. काळं होतं ते काळंच राहिलं. कडा एका बाजूला पुसट होत गेल्या होत्या, ओल्या कागदावर शाई उतरते तशा. आणि रेषा डागाला वळसा घालत नव्हत्या. सरळ काळ्यात शिरून पलीकडे निघत होत्या. त्याच्याच नियमाने ही चामखीळ नव्हती. भोवरीही नव्हती. नियमात तिसरं काही नव्हतं.

छायफंगने नंतर सांगितलं की तो बराच वेळ सुरी वर धरून बसला होता. ती म्हणाली, "झोपलास काय?" तेव्हा तो बोलला.

"ही आई आहे."

"कशावरून?"

"पोरं रडतात. आई रडत नाही."

हे वाक्य त्याला उस्तादाने शिकवलं होतं की त्याच वेळी त्याने स्वतः बनवलं, ते मला माहीत नाही. पण वाक्य चांगलं होतं, आणि चांगल्या वाक्याने बऱ्याच शंका मिटतात.

मग तो पोरांच्या वाटेला गेला नाही. आईच्याच मागे लागला. सवड मिळेल तसा घमेल्यात पाय, मांडीवर पाय, सुरीने थर, वर ठेचा, वर पट्टी. डाग थोडा फिका व्हायचा आणि पुन्हा भरायचा. थंडी पडायला लागली तशी पोरं सुकायला लागली. एक गेली, मग दोन. छायफंगचा पाय दुखायचा थांबला. होता होता सगळ्या गेल्या. कातडी गुळगुळीत, रेषा पुन्हा सरळ. राहिली फक्त आई.

यिनशंग आनंदाने दारात माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बघितलंत? आईचा दम तुटलाय. पोरं पोसवत नाहीत तिला आता. शेवटची जाईल ती तीच."

एखाद्या माणसाला त्याची चूक कळावी म्हणून दैव कधीकधी पुरावा पाठवतं. इथे पुरावा उलटा पाठवला.

बायकांच्या विभागात पाठी घासायला तिंग वहिनी होती. हाताला जाड कापड गुंडाळून ती बायकांच्या अंगावरचा मळ शेवयांसारखा काढायची. छायफंगची ती जुनी मैत्रीण, आणि मैत्रिणीसारखीच तोंडाची फटकळ. बाकड्यावर पालथ्या पडलेल्या छायफंगचा पाय तिला दर वेळी दिसायचा.

"पोरं मेली म्हणतेस," तिंग वहिनी म्हणाली, "आणि आई तर अंगानं भरतेय. पोरं गेलेली बाई अशी दिसते होय? ही तर सासू झाल्यासारखी दिसतेय."

"तू घास. बोलू नकोस."

"घासतेच आहे. घासून जाणारं नाही म्हणून बोलतेय. तुझ्या नवऱ्याला सांग."

"तोच तर कापतो."

"म्हणूनच सांग. कापणाऱ्याला कापायचं कळतं, वाढणारं काय ते नाही कळत."

पुरुष विभागात तिला जाता येत नव्हतं, म्हणून तिने यिनशंगला माझ्या खिडकीपाशी गाठलं. तिचे केस ओले होते आणि हातात अजून ते कापड होतं.

"उस्ताद, अर्ध्या गावाची कातडी माझ्या हाताखालून गेलीय. चामखीळ अशी पसरत नाही. तिला यांगचौच्या इस्पितळात घेऊन जा."

"तू पाठी बघ," यिनशंग म्हणाला. "पाय माझ्याकडे आहेत."

"मग नीट बघ ना! आंधळ्याच्या हातात दिवा दिला की काय मी?"

"यांगचौहून लोक माझ्याकडे येतात, वहिनी. मी माझी बायको यांगचौला नेऊ?"

ती गेल्यावर तो तिथेच उभा राहिला. खिडकीच्या लाकडावर नख घासत म्हणाला, "तुम्हीच सांगा. पाय तासणाऱ्याची बायको चामखिळीसाठी इस्पितळात गेली असं झालं, तर माझ्या मांडीवर पाय कोण ठेवील?" मी म्हटलं, खरं आहे. खरं होतंच ते. त्याचा उपयोग नव्हता एवढंच.

अकराव्या महिन्यात थांग प्रमुखांनी प्रात्यक्षिक ठेवलं. किताब द्यायचा की नाही ते ठरवायला जिल्ह्याची माणसं येणार होती. पुरुष विभागातली बाकडी भिंतीला लावली, लाल कापड टांगलं, हौदाला झाकण घातलं. तरी वाफ कुठून तरी येतच होती आणि कापडावरची अक्षरं ओली होऊन लोंबत होती. थांगना जिवंत पुरावा हवा होता. वेई खाटकाचे हात होतेच. दुसरा पुरावा म्हणून त्यांना छायफंगचा पाय सुचला.

आदल्या दिवशी त्यांनी तो पाहिला. "छान. फारच छान. आणि ही पट्टी कसली?"

"ती आई आहे," यिनशंग म्हणाला. "जातेय."

"गेली म्हणू या. 'जातेय' हे शंभर टक्क्यांत बसत नाही."

"पण आहे ना अजून."

"पट्टीखाली आहे. पट्टी ही उपचाराचा भाग आहे. उपचार कसा दिसतो तेही लोकांना कळलं पाहिजे." थांग प्रमुख वाईट माणूस नव्हते. कुठलीही गोष्ट वाक्यात बसली की त्यांना ती सुटली असं वाटायचं.

छायफंग खुर्चीवर बसली, डावा पाय समोरच्या स्टुलावर, खाली पांढरा पंचा. जिल्ह्याच्या माणसांनी वाकून पाय बघितला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. छायफंग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "पाव विकताना इतकी माणसं कधी वाकली नाहीत."

पाहुण्यांत यांगचौच्या एका इस्पितळातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाई होत्या, आडनाव निए. मध्यम वयाच्या, थकलेल्या, प्रवासात बूट चिखलाने भरलेले. त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. म्हणाल्या, "ही पट्टी काढता का जरा?"

थांग म्हणाले, "उपचार चालू आहे."

"काढा."

यिनशंगने पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी डागाच्या कडेवरून बोट फिरवलं, जिथे शाई उतरल्यासारखी दिसत होती. आता ती कड बोटाच्या पेराएवढी पुढे सरकली होती आणि मध्ये थोडं ओलं होतं. त्यांनी छायफंगला विचारलं, रक्त येतं का. छायफंग म्हणाली, कधीकधी, चप्पल लागली की.

"ही चामखीळ आहे असं मला वाटत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तपासल्याशिवाय नाव घेणार नाही. उद्या यांना माझ्याकडे आणा."

"अवश्य, अवश्य," थांग म्हणाले. "वर्षअखेरीची गर्दी ओसरली की."

"उद्या."

"हो, म्हणजे लवकरात लवकर." आणि त्यांनी पाहुण्यांना चहाकडे वळवलं.

त्या संध्याकाळी घरी काय झालं ते छायफंगने तिंग वहिनीला सांगितलं, आणि तिंग वहिनीने मला. छायफंग म्हणाली, उद्या जाऊ. यिनशंग म्हणाला, उद्या कसं? बारावा महिना तोंडावर आलाय. वर्षाचा मळ काढायला सगळं गाव येईल. आणि तुझ्या खानावळीत सणाच्या पावांची मागणी. सुट्टी कोण देईल? सणानंतर जाऊ. दोघं जाऊ.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हाताऱ्या, खरं सांग. तुला भीती कशाची वाटतेय? ती चामखीळ असेल याची, की नसेल याची?"

 तो म्हणाला, पाय घमेल्यात घाल. तिने घातला. त्या दिवशी त्याने सुरी लावली नाही. नुसता पाय धुतला, पुसला आणि पट्टी बांधली.

बारावा महिना कामात गेला. स्नानगृहात माणसं पंचे घेऊन रस्त्यापर्यंत उभी होती. यिनशंगच्या मांडीवरून पाय उतरला की दुसरा चढत होता. मग नवं वर्ष लागलं, आणि वर्षाच्या सुरुवातीला इस्पितळाचं तोंड बघितलं की वर्षभर तेच बघावं लागतं असं आमच्याकडे मानतात. औषधाची बाटलीसुद्धा त्या दिवसांत कपाटाच्या मागे ढकलून ठेवतात. छायफंग असलं मानणारी नव्हती, पण तिची सासू मानायची, आणि सासू त्या दिवसांत जेवायला होती. नव्या वर्षाचे दिवस संपवणारा कंदिलांचा सण झाल्यावर एके सकाळी छायफंगने पावांच्या टोपल्या उतरवल्या, चप्पल काढली, आणि आतला मोजा रक्ताने चिकटलेला बघितला. तिने तो तसाच पायात ठेवला. टोपल्यांवर दुसरीला उभं केलं. बायकांच्या विभागात जाऊन तिंग वहिनीला म्हणाली, "चल."

"नवऱ्याला सांगितलंस?"

"तो पाय तासतोय. कामात आहे."

दोघी बसने गेल्या. डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला, मग छायफंगला आडवं केलं आणि जांघेत हात घातला. तिथे गाठ होती. छायफंगला ती माहीत होती. खानावळीत टोपलीच्या कडेचा मार लागला असेल असं तिला वाटलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे कोण कापत होतं इतके दिवस?"

तिंग वहिनीने तोंड उघडलं. छायफंगने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की त्याची काळीनिळी खूण वहिनीने मला नंतर बाही वर करून दाखवली.

"मीच," छायफंग म्हणाली. "घरच्या कात्रीनं. सवय वाईट आहे."

"तुमचे यजमान तर..."

"ते गावाचे पाय बघतात. घरच्याला कुठे सवड असते?"

पाय गुडघ्याखालून काढला. त्या वेळी यिनशंग तिथे होता. त्याने कामावरून रजा घेतली, आणि रजेचं कारण थांग प्रमुखांनी 'घरगुती' असं घातलं. तिला खोलीत नेलं तेव्हा तो बाहेरच्या ओट्यावर डॉक्टरीणबाईंच्या समोर उभा राहिला. तिंग वहिनी शेजारी होती. तिच्या म्हणण्यानुसार त्याने रोगाचं नाव विचारलंच नाही. त्याने चामखिळींबद्दल विचारलं.

"तिला खऱ्या चामखिळी पण होत्या. सात-आठ. त्या गेल्या."

"जातात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी या आईला कोरल्यावर गेल्या."

"फू उस्ताद, चामखिळीला आई नसते. तो डोळ्यांना न दिसणारा जंतू असतो. ओल्या फरशीवरून, ओल्या पंच्यावरून, ओल्या सुरीवरून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. कातडीत बसतो. शरीराला एक दिवस तो ओळखू येतो आणि शरीर त्याला काढून टाकतं. कुणाला काही महिने लागतात, कुणाला दोन-तीन वर्षं. बहुतेकांच्या अशाच जातात, काही केलं तरी आणि काही नाही केलं तरी."

"वेई खाटकाच्या?"

"त्यांच्या त्या चामखिळी मी बघितलेल्या नाहीत. पण बहुधा त्याही."

"सगळ्याच?"

"पुष्कळशा. जो शेवटचा हात लावतो त्याला श्रेय मिळतं. आमच्याकडेही असंच चालतं."

 यिनशंग म्हणाला, "आणि कोरल्यामुळे हे झालं?"

"नाही. हा डाग आपला आपण वाढणारा. कोरल्यामुळे झाला नाही." त्या थांबल्या. "कोरण्यात वेळ गेला."

हे ऐकून तो ओट्यावर बसला. बसताना, तिंग वहिनी सांगते, त्याने गुडघे असे जुळवले जसा तो मांडीवर पाय घ्यायला बसायचा, आणि हात मोकळे होते ते कुठे ठेवायचे हे त्याला कळेना.

वसंतात छायफंग घरी आली. खानावळीतून तिची नोकरी गेली नाही. तिला कुपनं मोजायला बसवायचं ठरलं होतं, पण ती फारशी बसू शकली नाही. दारात खुर्ची टाकून बसायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला बोलायची.

"बुटांच्या दुकानात गेले होते," ती मला म्हणाली. "म्हटलं, उजवा तेवढा द्या. तर म्हणे, ताई, डावा मग मी कुणाला विकू? म्हटलं, कालव्यापलीकडे एक लढाईतला म्हातारा आहे, त्याचा उजवा नाही. बोलणी करा."

"मग?"

"त्याचा पाय मोठा आहे. लग्न जमलं नाही."

यिनशंग आत भाजी चिरत होता. हसला नाही, पण सुरीचा आवाज थांबला.

मग तिला खोकला लागला. कोरडा, न थांबणारा. उन्हाळा तोंडावर होता तरी तिला थंडी वाजायची. एकदा मी पाव घेऊन गेलो होतो, तेव्हा ती आत पडून होती आणि तो पायथ्याशी बसून तिचा उरलेला पाय गरम पाण्याने पुसत होता. मी आहे हे दोघांनाही माहीत होतं. आमच्या गावात भिंती पातळ असतात, त्यामुळे माणूस समोर असला तरी फार फरक पडत नाही.

तो म्हणाला, "डॉक्टरीणबाईला तू कात्री का सांगितलीस?"

"वहिनी बोलली वाटतं."

"का सांगितलीस?"

"मग काय सांगू? माझा नवरा म्हणू?" ती खोकली. "उद्या तुझ्या मांडीवर कुणीतरी पाय ठेवला पाहिजे ना, म्हाताऱ्या. एकटा काय खाशील? माझे पाव?"

"मला दिसलं होतं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. रेषा सरळ जात होत्या."

"माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"तू सुरी थांबवलीस. तू कुणासाठी सुरी थांबवत नाहीस." मग म्हणाली, "बोटांच्या मध्ये पूस. तिथे ओलं ठेवू नकोस."

त्याने बोटांच्या मध्ये पुसलं.

यिनशंग कामावर येत राहिला. भोवऱ्या तासायचा, नखं काढायचा, हात पहिल्यासारखाच हलका. पण चामखीळ घेऊन कुणी आलं तर तिला हात लावायचा नाही. एकदा धान्यकोठारावरचा एक हमाल शेजारच्या गावाहून चालत आला. यिनशंगने त्याचा पाय बघितला, चिमटीत धरला, रेषा बघितल्या आणि खाली ठेवला.

"चामखीळच आहे. आपोआप जाईल."

"आपोआप? मग मी इथवर कशाला आलो?"

"पाय कोरडा ठेव. दुसऱ्याचा पंचा वापरू नकोस. जाईल."

"आणि नाही गेली तर?"

"तर इस्पितळात जा. काळी झाली तर लगेच जा."

हमाल उठून बसला. "लोक म्हणतात तुम्हाला आई सापडते."

"सापडत नाही."

"मग तुमचा शंभर टक्के तो कसला?"

यिनशंगने त्याचे पैसे परत करायला सांगितले. बाहेर जाताना हमाल माझ्या खिडकीपाशी थांबून म्हणाला, "म्हातारा झालाय तुमचा उस्ताद. हात गेला त्याचा." आणि तो कालव्याच्या पलीकडच्या गावात गेला. तिथे एक जण चामखिळी उदबत्तीने जाळायचा आणि त्याचीही ख्याती मोठी होती. असे दहा-बारा जण परत गेल्यावर मग कुणी चामखीळ घेऊन यिनशंगकडे येईनासं झालं.

किताब जाहीर झाला तेव्हा थांग प्रमुखांनी तो काचेच्या चौकटीत घालून पाद-दुरुस्ती कक्षात टांगला. वाफेने काच लवकरच आतून धुरकट झाली. वर्षअखेर त्यांनी जिल्ह्याला जो अहवाल पाठवला तो मला वाचायला दिला, कारण त्यांची अक्षरं मी नीट करून देत असे. त्यात नवविजय स्नानगृहाबद्दल असं होतं : पाद-दुरुस्ती कक्षाच्या सातत्यपूर्ण कार्यामुळे परिसरातील चामखिळींच्या तक्रारींत लक्षणीय घट झाली असून, कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय यांचे आरोग्य समाधानकारक आहे.

छायफंग त्याच वर्षी सातव्या महिन्यात वारली. पंचेचाळीस वर्षांची होती.